झाकण सैल ठेवावे

३ मार्च, रविवार

शेजारच्या घरावर आज पाटी लागली. 'घर विकणे आहे.' शेजारचं घर म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं. तिने स्वतः स्टुलावर चढून खिळा ठोकला आणि पाटी तिरकी लावली. मी खिडकीतून बघत होते. बघत होते म्हणजे पडदा झटकत होते. चांगला दहा मिनिटं झटकला.

ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?" हे म्हणाले.

हे नोकरीभर बसस्थानकावर उद्घोषक होते. कुठली गाडी आली, कुठली सुटणार, सगळं माईकवरून जगाला सांगायचे. घरात मात्र कोण आलं, कोण गेलं, कशाचा पत्ता लागू देत नाहीत. बरंच खोदल्यावर बाहेर पडलं की धाकटी लेकीकडे राहायला चालली आहे, कायमची. माझे दीर जाऊन चार वर्षं झाली, एकटीला घर खायला उठतं म्हणे. आणि घर घेणाऱ्याला वेल नको आहे. भिंत पाडून तिथे तो गाडीसाठी शेड घालणार.

वेल म्हणजे आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरचा द्राक्षाचा वेल. सासऱ्यांनी लावलेला. मूळ तिच्या बाजूला, अर्धा पसारा माझ्या बाजूला. पाच महिन्यांपूर्वी तिने मला न विचारता तो पार खुंटापर्यंत छाटला. मी म्हटलं, "निदान विचारायचंस तरी." ती म्हणाली, "भिंतीच्या या बाजूचं माझं आहे, वहिनी." मी म्हटलं, "मग त्या बाजूलाच राहा."

ती राहिली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. चूक कोणाची हे इथे लिहायची गरज नाही.

एवढी कत्तल होऊनही यंदा वेलाला कधी नव्हे इतकी द्राक्षं लागली आहेत. मी न चुकता पाणी घातलं, त्याचं हे फळ.

४ मार्च, सोमवार

ठरवलं. त्या शेडवाल्यासाठी एक मणीसुद्धा मागे ठेवायचा नाही. पण एवढ्या द्राक्षांचं करायचं काय? दोन माणसांनी खाऊन खाऊन किती खायची?

"वाइन कर," हे वर्तमानपत्रातून म्हणाले.

मला वाटलं थट्टा करताहेत. पण संध्याकाळी नवशिक्यांना घरी वाइन करायला शिकवणारं एक पुस्तक माझ्यासमोर आणून ठेवलं. कुठून आणलंत, तर म्हणे, "मिळालं." पुस्तक जुनं आहे आणि ज्याचं होतं त्याला वाचायची काही शिस्त नसावी. जागोजागी पानांचे कोपरे दुमडलेले! खूण म्हणून एक कागदाचा कपटा ठेवायला काय जातं? आमच्या धाकटीची हीच खोड. तिला मी एकदा वाचायला मासिक दिलं होतं, ते परत आलं तेव्हा चारी बाजूंनी मुडपलेलं होतं.

वाइन मी तिच्यासाठी करत नाही आहे, हे नोंदवून ठेवते. ती गेली काय आणि राहिली काय. द्राक्षं वाया जाऊ नयेत, एवढंच.

६ मार्च, बुधवार

हात कोपरापर्यंत जांभळे झाले आहेत.

सकाळी माझ्या बाजूची द्राक्षं काढली. देठ काढले, सडके मणी बाजूला केले. बघते तर भिंतीवर एक टोपली, द्राक्षांनी काठोकाठ भरलेली. तिच्या बाजूची. तिला नको असतील, फेकायला जिवावर आलं असेल. मी घेतली. टोपली घासून, पुसून, होती तिथे परत ठेवली. उगीच कोणाचं उपकाराचं ओझं नको.

मग घंगाळात घालून मणी कुस्करले. पुस्तकात म्हटलंय की बी ठेचलं जाऊ नये, कडवट होतं. म्हणून हातानेच. ह्यांना मदतीला बोलावलं तर दोन मुठी कुस्करून म्हणाले, "आता मला थोडी विश्रांती." नंतर साखर घातली आणि कोमट पाण्यात भिजवलेलं यीस्ट. दोन मोठ्या काचेच्या बरण्या उकळत्या पाण्याने तीनतीनदा धुतल्या, उन्हात वाळवल्या, त्यात सगळं भरलं. स्वच्छतेत मला कोणी नावं ठेवू शकणार नाही. जॅमच्या कारखान्यात मी उभी हयात काढली, आणि माझं काम एकच होतं, झाकणं तपासणं. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मी हात फिरवला की कळायचं. माझ्या हाताखालून सैल झाकणाची एक बाटली कधी बाजारात गेली नाही.

पुस्तकात मात्र एक ढोबळ मुद्रणदोष सापडला. 'झाकण सैल ठेवावे,' असं छापलंय. सैल! मी पेन्सिलीने 'सैल' खोडून वर 'घट्ट' लिहिलं. नवशिक्यांची पुस्तकं तरी नीट तपासून छापायला हवीत.

दोन्ही बरण्या कोठीच्या खोलीत ठेवल्या आणि झाकणं अशी आवळली की मनगट दुखलं.

७ मार्च, गुरुवार

संध्याकाळी रोजच्यासारखी कारखान्यातल्या मैत्रिणींबरोबर फिरून आले आणि बरण्यांना हात लावला. दोन्ही झाकणं सैल.

मी आवळलेलं झाकण आपोआप सैल होत नाही. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "मी कशाला हात लावू?" आणि खरंच, हे कशालाच हात लावत नाहीत. पुन्हा आवळली.

वाइन मात्र छान फसफसते आहे. कान लावला तर कुजबुज ऐकू येते.

९ मार्च, शनिवार

पुन्हा सैल. कालही होती, आजही. कोठीत काहीतरी आहे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण ठेवला असता तर हे नक्कीच एखाद्या दर्जा तपासनिसाच्या वाईटावर असलेलं भूत आहे असं म्हटलं असतं.

सिंकमध्ये दोन कप होते. ह्यांनी दोनदा चहा घेतला म्हणे. वेगवेगळ्या कपांत का, तर "पहिला धुवायचा कंटाळा आला." हे मात्र पटलं.

ह्यांच्या निळ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण आज जागेवर दिसलं. मी लावलं नाही. म्हणजे ह्यांनी स्वतः लावलं! टाकेही बारीक, सुबक. इतकी वर्षं हा माणूस सुईत दोरा ओवता येत नाही असं सांगत आला. आता पुढची सगळी बटणं ह्यांच्याकडे.

धाकटी दिवसभर गच्चीवर होती. गाद्या उन्हात घालून बांधाबांध चालली असावी. आमच्या कोठीच्या खिडकीकडे सारखी बघत होती. काय एवढं बघायचं?

११ मार्च, सोमवार

बरणीच्या झाकणावर आज निलगिरीच्या तेलाचा वास आला. धाकटीच्या डोक्याला तो कायम येतो. द्राक्षं तिच्या टोपलीतली, म्हणजे वास टोपलीतून फळाला आणि फळातून झाकणाला. सरळ आहे.

तो वास आला आणि मला उगाच आठवलं. दीर गेले तेव्हा पंधरा दिवस ती आमच्याकडेच निजत होती, माझ्या शेजारी. झोप लागायची नाही तिला. मी तिच्या डोक्याला तेल चोळायचे आणि ती मला कारखान्यातल्या गोष्टी सांग म्हणायची. झाकणांच्या गोष्टी! कोणाला त्यात गोडी वाटेल? पण ऐकायची. एकदा तर हसलीसुद्धा.

कोणास ठाऊक आज हे कशाला लिहिलं. झाकणं पुन्हा आवळली.

१२ मार्च, मंगळवार

घर घेणारा आज भिंत मोजायला आला. माझ्या अंगणात येऊन टेपचं टोक माझ्याच हातात दिलं आणि म्हणाला, "काकू, जरा धरता का?" मी धरलं. मग हळूच चार बोटं आत सरकवलं. आता त्याची शेड चार बोटांनी चुकणार.

"रविवारी सौदा पक्का करून टाकतो," तो म्हणाला. "वेल काढायला लगेच माणसं लावतो. मुळापासून काढावा लागेल, नाहीतर पुन्हा फुटतो हा."

भिंतीपलीकडे धाकटी उभी होती. तिच्या हातातला कपडे वाळत घालायचा चिमटा खाली पडला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. दोघींनाही काहीतरी म्हणायचं होतं असं मला वाटलं. पण ती वाकून चिमटा शोधू लागली आणि मी आत आले. मग चहात साखरेऐवजी मीठ घातलं. वाइनच्या वासाने असेल.

१३ मार्च, बुधवार

आता हद्द झाली. आज तर झाकणं नुसती सैल नव्हती, एक चक्क बाजूला काढून ठेवलं होतं आणि बरणीच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधलेलं. गाठ अशी नेटकी की ह्यांचा संशयच घ्यायला नको.

कोठीला कुलूप ठोकलं. किल्ली माझ्या कमरेला. दोन्ही झाकणांना कडेने रबरी पट्टी लावून, टॉवेल धरून, दोन्ही हातांनी आवळलं. कारखान्यात असताना यंत्रानेसुद्धा एवढं कधी आवळलं नव्हतं. आता बघू.

ह्यांनी कुलूप पाहिलं आणि चेहरा पाडला. "गरज होती का?" म्हणाले.

"का? तुम्हाला कोठीत काय काम?"

"मला काही नाही," हे म्हणाले आणि अंगणात जाऊन भिंतीपाशी बराच वेळ खोकत उभे राहिले. औषध घ्या म्हटलं तर घेत नाहीत.

१४ मार्च, गुरुवार

झाकणं शाबूत. मी जिंकले.

१५ मार्च, शुक्रवार

कुठून सुरुवात करू? हसू अजून आवरत नाही.

दुपारी चहाचं आधण ठेवलं आणि कोठीत असा आवाज झाला की मला वाटलं छत कोसळलं. मग काचा पडल्याचा आवाज, मग काहीतरी ठिबकायचा. दाराखालून जांभळा ओघळ बाहेर आला.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "वहिनी! वहिनी, लागलं का गं कुठे? अगं बोल ना!"

पाच महिन्यांनी पहिलं वाक्य. मी बोलायच्या आत ती मागच्या दाराने आत. वाट इतकी सरावाची की मधलं स्टूल न बघता चुकवलं.

"दुसरी बरणी?" ती म्हणाली. "तिचं झाकण?"

"बंद आहे. घट्ट."

"मला वाटलंच! कुलूप कशाला लावलंस? आत वायू तयार होतो, त्याला जायला वाट नको? मी रोज येऊन सैल करत होते म्हणून आजवर..."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

"तू?" मी म्हटलं. "माझ्या घरात चोरासारखी शिरत होतीस?"

"चोर दारातून येतो का? भावोजी दार उघडायचे. चहा द्यायचे. गार."

"आणि बटण?"

"मीच लावलं."

आता हिच्यावर भडकावं की ह्यांच्यावर, हे मी ठरवतेय, तेवढ्यात हे तोच जुना बसस्थानकावरचा आवाज काढून म्हणाले, "कृपया इकडे लक्ष द्यावे. दुसरी बरणी कोणत्याही क्षणी सुटण्याची शक्यता आहे."

मग काय विचारता. मी छत्री उघडून पुढे धरली. धाकटीने डोक्यावर पातेलं घातलं आणि छातीपाशी मोठं ताट. हे दाराबाहेर उभे राहून सूचना देत होते. कुलूप काढलं. छत जांभळं, भिंती जांभळ्या, साबणाच्या वड्याही जांभळ्या. आणि कोपऱ्यात दुसरी बरणी, मुकाट, फुगल्यासारखी.

धाकटीने तिच्यावर जाड गोधडी टाकली, कडेने हात घातला आणि झाकण फिरवायला लागली. हलेना. लालबुंद झाली.

"कुणी आवळलंय हे? माणूस आहेस की पाना? तूच उघड, माझ्याने होत नाही."

मी छत्री तिच्या हातात दिली. आयुष्यभर झाकणं बंद झाली की नाही एवढंच पाहिलं, भरलेली बाटली कधी सैल केली नव्हती. हातांना ते कळेचना. उलटं फिरवायचं तर हात सवयीने सुलटेच फिरायचे. धाकटीने मागून माझ्या हातांवर हात ठेवले. "इकडे," ती म्हणाली. "हळू. थोडंसंच." मग एक लांबलचक सुस्कारा आला, बरणीतून. आणि फेस आमच्या चारी हातांवरून खाली वाहायला लागला.

तिच्या डोक्यावर अजून पातेलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. मग तिला. आम्ही दोघी तिथे ओल्या फरशीवर बसून अशा हसलो की हे आत डोकावून म्हणाले, "चढली की काय?"

संध्याकाळपर्यंत दोघी घासत होतो. छताचा डाग निघाला नाही.

१६ मार्च, शनिवार

उद्या रविवार. सौदा.

काल विचारायला हवं होतं. फडकं पिळताना तोंडापर्यंत आलं होतं, राहतेस का म्हणून. पण मग वाटलं, तिची लेक तिकडे वाट बघतेय, नातू आहे, आपण कोण अडवणार? आणि समजा नाही म्हणाली तर? माझं तोंड मीच बंद ठेवलं. ते मला चांगलं जमतं.

सकाळी ती उरलेली बरणी गाळायला आली. आली म्हणजे दरवाजा वाजवून, राजरोस. फडक्यातून रस गाळला, चोथा पिळला, स्वच्छ बरणीत भरला. मी झाकण लावलं. तिने हात धरला. मी अर्धा आटा मागे फिरवला. ती म्हणाली, वेल छाटल्याशिवाय द्राक्षाला असं फळ धरत नाही. मी म्हटलं, पाण्याने धरलं. वाद चालू आहे. पाच महिन्यांनी वाद घालायला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

ती गेल्यावर घर फार शांत झालं. मला ती हवी आहे. लिहून टाकलं.

१७ मार्च, रविवार

घर घेणारा सकाळीच आला. गेला तो धाकटीच्या ओट्यावर कागद मांडून बसला. मी माझ्या अंगणात वेलाला पाणी घालत होते. मुळं उद्या उपटणार असतील तर आज पाणी कशाला, असं हे म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"मावशी, इथे सही," त्याचा आवाज आला.

माझ्या हातातला पाइप खाली पडला. मी भिंतीशी गेले आणि पाटावर चढले.

"ए," मी म्हटलं. "तू भिंतीच्या त्या बाजूला राहा असं मी म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस," ती म्हणाली. पेन हातातच.

"तसं नको राहूस. या बाजूला ये. रोज ये. दारातून ये, चोरून ये, कशीही ये. पण इथेच राहा. तू गेलीस तर मला करमणार नाही."

झालं बोलून. एवढं सोपं होतं. घर घेणारा आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघत होता. धाकटी पेनकडे बघत होती. डोळे भरले होते, पण ती अवघड प्रसंगी रडत नाही, नाक ओढते.

"लेकीला काय सांगू?" ती म्हणाली. "तिने माझी खोलीसुद्धा रंगवून घेतलीय."

आता खरी गोची झाली. मग सुचलं ते बोलून गेले. "अगं, पण वाइन? आपण दोघींनी केलेली आणि तू चाखायच्या आधीच निघालीस? पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, नवशिक्यांनी वर्षभर उघडायची नाही."

पुस्तकात तीन महिने लिहिलंय. मी डोळ्याची पापणीही न हलवता वर्ष म्हटलं.

धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"वर्षभर?" ती म्हणाली. "असं लिहिलंय?"

"हो. ठळक अक्षरांत."

"मग वर्ष तर थांबायलाच हवं," ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण लावलं. घट्ट.

घर घेणारा खूप काही बोलला. ह्यांनी मध्ये पडून गंभीर आवाजात त्याला सांगितलं की ही गाडी काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आली आहे.

२४ मार्च, रविवार

पाटी उतरवली. धाकटी स्टुलावर, मी स्टूल धरून. लेक फोनवर आधी रुसली, मग म्हणाली, सुट्टीत नातवाला घेऊन मीच येते. रंगवलेल्या खोलीत आजी दोन-दोन महिने राहायला जाईल, असं ठरलं. पण घर इथेच.

वाइन निवळत चालली आहे. तळाला गाळ बसतोय, वर माणकासारखा रंग. धाकटी आज आली आणि म्हणाली, आता गाळ तळाला सोडून वरची वाइन नळीने दुसऱ्या बरणीत काढायची, ढवळायची नाही. बरोबर हेच पुस्तकात आहे. हिला कसं ठाऊक, कोण जाणे. कुठे ऐकलं असेल. पण त्या 'वर्षभरा'बद्दल तिला जरासुद्धा शंका आलेली नाही, म्हणजे माझी थाप पचली. बिचारी आहेच भोळी.

पुस्तक मी पिठाच्या डब्यामागे लपवलं आहे. चुकून तिच्या हाती लागलं तर 'तीन महिने' वाचेल, आणि वर कोपरे दुमडून ठेवेल.